उलट्या बाजूचे धागे

उदगीरच्या एका वाचक भगिनींनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. आठवडी बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगातून त्यांनी 250 रुपयांना एक कापड घेतले. ते सुमारे दीड हात रुंद आणि चार हात लांब असून रंग वांगी आहे, अंगभर पिवळसर वेलबुट्टी आहे आणि एका कडेला नंतर कोणीतरी जोडलेली लाल सुती पट्टी आहे. विकणाऱ्याने ते ‘अस्सल पैठणीचे’ म्हणून दिले. कापडाच्या दुकानात नोकरी करणाऱ्या त्यांच्या दिरांनी मात्र मागच्या बाजूचे लोंबते धागे दाखवून ‘हे यंत्रावरचे आहे, पुसायला वापरा’ असा निकाल दिला. यांपैकी खरे कोण, असल्या ढिगातून हाताने विणलेले किंवा शिवलेले कापड ओळखायचे कसे, आणि हे कापड धुवावे कसे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

वर्णन बारकाईने वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की, विकणारा आणि दीर हे दोघेही चुकत आहेत. कापड पैठणीचे नाही, परंतु तेवढ्यावरून ते यंत्रमागाचेही ठरत नाही. बहुधा ते हिमरू आहे. गेली सत्तावीस वर्षे मी छत्रपती संभाजीनगरमध्ये जुन्या वस्त्रांच्या रफूचे आणि दुरुस्तीचे काम करते आहे, आणि दिरांनी केली तीच चूक जाणत्या माणसांनाही वारंवार करताना मी पाहिली आहे. ‘उलटी बाजू बघा’ हा सल्ला सगळेच देतात. ती बाजू कोणत्या विणीची आहे हे आधी ठरवल्याशिवाय तिच्यावरून निकाल देता येत नाही, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

दिरांच्या मनात जी कसोटी आहे ती पैठणीची आहे आणि पैठणीपुरती ती बरोबर आहे. पैठणीच्या पदरावरचा मोर किंवा मुनिया विणताना विणकर आडवा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत नेत नाही. प्रत्येक रंगासाठी वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी, असते. त्या रंगाचा धागा त्याच्या हद्दीपुरता जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. त्यामुळे मागे लोंबायला धागाच उरत नाही आणि दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात. पदर उजेडासमोर धरला, तर दोन रंगांच्या सीमेवर फट दिसत नाही, तेथे सूक्ष्म दातेरी गुंफण दिसते. भिंग घेऊन मोराची मान पाहिली, तर तिची गोलाई ही खरी गोलाई नसून पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली रेघ आहे, हेही ध्यानात येते. बाजारात ‘सेमी पैठणी’ म्हणून जे मिळते त्याच्या मागे धाग्यांची दाटी असते, किंवा ते धागे कातरून उरलेली लव असते. म्हणून एखादे कापड पैठणी म्हणून विकले जात असेल आणि त्याच्या मागे धागे लोंबत असतील, तर ती परंपरेने विणलेली पैठणी नव्हे, एवढे खात्रीने म्हणता येते. याच्या पुढे त्या धाग्यांवरून काहीही म्हणता येत नाही.

हिमरूची गोष्ट वेगळी आहे. किनखाप, म्हणजे जरीचे भारी रेशमी कापड, ज्यांना परवडत नसे, किंवा ज्यांना अंगावर इतके जड वस्त्र नको असे, त्यांच्यासाठी त्या धर्तीवर विणलेले हे हलके आणि उबदार कापड होय. महंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या कारागिरांनी ही कला येथे आणली, असे परंपरा सांगते. पुढे निजामाच्या अमलात शेरवानी, अस्तरे आणि शाली यांसाठी औरंगाबादचा हिमरू प्रसिद्ध होता. त्याची जमीन, म्हणजे नक्षीखालचे मूळ कापड, सुती असते आणि नक्षी रेशमाच्या, नंतरच्या काळात कृत्रिम रेशमाच्या, जादा आडव्या धाग्याने काढलेली असते. हा जादा धागा जेथे नक्षी असेल तेथे वर येतो आणि उरलेल्या जागी मागून मोकळा धावतो. मागे धाग्यांचा जो सैल, मऊ थर तयार होतो, त्यामुळेच हिमरूला ऊब येते आणि हाताला मऊ लागणारा तो पोत येतो. म्हणजे पैठणीत जो दोष ठरेल, तो येथे कापडाचा स्वभाव आहे. दिरांनी पैठणीचा नियम हिमरूला लावला, आणि खरा हिमरू पोतेऱ्याच्या वाटेला लावण्याची तयारी केली.

मशरूचीही अशीच फसगत होते. त्यात उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो, आणि वीण अशी की रेशीम सगळे वर येते व सूत अंगाच्या बाजूला राहते. निव्वळ रेशीम अंगाला लागू नये हा धार्मिक संकेत त्यामुळे पाळला जाई. मशरू या शब्दाचा अर्थच ‘संमत’ असा आहे. जुन्या बाजारात मशरूचा तुकडा उलटा पडलेला असला, तर तो एखाद्या साध्या मळक्या सुती कापडासारखा दिसतो आणि कोणी त्याच्याकडे वळूनही पाहत नाही. मी स्वतः एक मशरूचा परकर असाच उलटा पडलेला उचलला होता, तोही केवळ त्याची नाडी चांगली होती म्हणून.

आता हातमागाचे कापड ओळखण्याविषयी. विणताना कापड रुंदीत ताणून धरण्यासाठी विणकर मागावर एक आडवी काठी लावतो, जिच्या दोन्ही टोकांना टाचण्या असतात. काही बोटे विणून झाली की ती काठी काढून पुढे सरकवायची असते. त्यामुळे दोन्ही कडांजवळ ठरावीक अंतराने बारीक भोकांचे समोरासमोर पुंजके पडतात. यंत्रमागावरही कापड ताणलेले असते, परंतु तेथे फिरत्या काट्यांची योजना असल्यामुळे भोकांची सलग ओळ येते. नव्या पद्धतीच्या, धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारे साधन) नसलेल्या यंत्रमागावर तर आडवा धागा प्रत्येक फेरीला कापलाच जातो. अशा कापडाच्या कडेला बारीक झालर दिसते किंवा ती झालर आत दुमडलेली असते. हातमागाच्या कडेला धागा वळून परत आलेला असतो. माझ्या मते एकटी कड जेवढे सांगते तेवढे बाकीच्या सगळ्या खुणा मिळून सांगत नाहीत, आणि म्हणून ढिगातून कापड उचलले की मी नक्षीकडे न पाहता आधी कडेवरून अंगठा फिरवते.

दुसरी खूण म्हणजे थांब्याची रेघ. विणकर दुपारी जेवायला उठला, सणासाठी चार दिवस माग बंद राहिला किंवा त्याच्या जागी मुलगा बसला, की आडवा धागा घट्ट बसवणाऱ्या ठोक्याचा जोर बदलतो. कापड उजेडासमोर धरले, तर आडवी दाट किंवा विरळ अशी पुसट रेघ दिसते. अशी एक-दोन रेघा असलेली साडी मला नेहमीच जास्त विश्वासाची वाटते. मात्र ‘चूक आहे म्हणजे हाताचे आहे’ असे समजू नये. यंत्रमागही चुका करतो, फक्त त्याची चूक पुन:पुन्हा त्याच जागी येते.

आणखी एक गैरसमज येथे दूर करणे आवश्यक आहे. जॅकार्ड लावला म्हणजे कापड यंत्राचे झाले असे नाही. जॅकार्ड हे उभे धागे उचलण्याचे साधन असून ते हातमागावरही बसवतात. धोटा हाताने फेकला आणि ठोका हाताने दिला, तर ते हातमागाचेच कापड होय. उलट हातमागाची खूण म्हणून मिळणारी लेबले जुन्या कापडावर शोधण्यात अर्थ नाही. रेशमासाठीचा सिल्क मार्क 2004 मध्ये आणि हँडलूम मार्क 2006 मध्ये सुरू झाला. जुन्या कापडावर असे लेबल दिसले, तर ते नंतर शिवलेले आहे, असा संशय घ्यावा.

आपल्या भागात नेमके काय सापडू शकते, हे समजण्यासाठी नकाशा आठवावा लागतो. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात. उदगीर, देगलूर, नांदेड या पट्ट्यातील लग्नांचा बस्ता पुण्यामुंबईकडून येण्याऐवजी कितीतरी वेळा हैदराबादेच्या वाटेवरून येत असे. म्हणून आपल्याकडच्या जुन्या ट्रंकांत पैठणी क्वचित, पण नारायणपेठ, गदवाल आणि इरकल या साड्या हमखास निघतात. त्यातही गदवाल ओळखायला सर्वांत सोपे आहे, कारण त्याचे अंग सुती आणि काठ-पदर रेशमी असतात व दोन्ही एकमेकांत गुंफून जोडलेले असतात. डोळे मिटून हात फिरवला तरी कापड कोठे बदलते ते कळते. इरकलमध्ये अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे एकेक करून एकमेकांत अडकवलेले असतात, आणि त्या जोडाची फाशांची बारीक रांग पदर सुरू होतो तेथे आडवी दिसते. त्या रेघेवर बोट ठेवून पाहा. छपाईच्या किंवा यंत्राच्या इरकलमध्ये ती नसते. तेथे पदराचा लाल रंग असाच सुरू होतो.

तेलिया रुमाल हा याच वाटेने आलेला सर्वांत दुर्लक्षित पाहुणा. चिराला आणि पुट्टपाका या गावांशी जोडलेल्या या चौकोनी रुमालात उभा आणि आडवा असे दोन्ही धागे विणण्यापूर्वीच बांधून रंगवलेले असतात. रंग लाल, काळा आणि पांढरा. सूत तेलात मुरवण्याच्या क्रियेमुळे त्याला हे नाव पडले. नक्षीच्या कडा किंचित पुसट, पाणी लागल्यासारख्या दिसतात आणि दोन्ही बाजू सारख्याच असतात. छापलेल्या नकलेची उलटी बाजू फिकी असते. तेलिया रुमाल डोक्याला, खांद्यावर, मग भाकरी बांधायला आणि शेवटी वाकळीच्या पोटात, असा प्रवास करतो. तीस वर्षांपूर्वीच्या वाकळी उसवल्या असत्या, तर किती रुमाल निघाले असते याची मला कल्पनाच करवत नाही.

येथे मी माझ्या अनुभवातली मुख्य गोष्ट सांगते. जुन्या बाजारात पूर्ण साडीच्या मागे लागणाऱ्याला बहुधा काहीच मिळत नाही. चांगली, अखंड जरीची साडी ढिगापर्यंत पोहोचतच नाही. गल्लीतून ‘जुनी जर, जुनी जरीची साडी’ अशी हाळी देत फिरणारे खरेदीदार ती आधीच घेऊन जातात आणि साडी जाळून जरीतील चांदी गाळतात. पूर्वीची जर म्हणजे रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, तिच्यावर सोन्याचा मुलामा. तिला भंगारातही भाव असतो. ढिगापर्यंत पोहोचते ते असे कापड, ज्याचे नाव पुसले गेले आहे: पोथीचे बासन, पाळण्याचे झूल झालेला शेला, तक्क्याच्या आतला अभ्रा, ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला धडपा, दंड घालून दोनाचे एक केलेले लुगडे, चोळीतून उरलेला गुळेदगुड्डचा खण, गाठोड्यावरचा फडका. साडी विकणाऱ्याला साडीची किंमत ठाऊक असते. गाठोडे विकणाऱ्याला आतल्या मालाची किंमत ठाऊक असते, फडक्याची नसते.

म्हणून ओळखी करायच्या त्या बोहारणींशी कराव्यात. स्टीलच्या भांड्यावर जुने कपडे घेणाऱ्या या बायका घरी गेल्यावर माल वेगळा करतात. नेसण्याजोगे एकीकडे, जर असलेले दुसरीकडे, सुती मऊ कापड गोधडीसाठी आणि उरलेले गॅरेजमध्ये पुसायला. तिसरा आणि चौथा ढीग आपला. माझ्या ओळखीच्या एका बोहारणीला मी पहिल्या भेटीतच सांगून ठेवले होते की, फाटलेले असले तरी चालेल, परंतु ज्या कापडाचा काठ वेगळ्या हाताचा वाटतो ते मला दाखवीत जा. तिला ‘वेगळा हात’ म्हणजे काय हे समजवावे लागले नाही. आज ती माझ्यापेक्षा लवकर कड ओळखते आणि त्याप्रमाणे भावही सांगते, जे योग्यच आहे.

छत्रपती संभाजीनगरमध्ये रविवारी जाफर गेटचा आठवडी बाजार भरतो. तेथे सकाळी लवकर जावे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोंगड्या पाहाव्यात. हाताने कातलेल्या काळ्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी कडक आणि खरखरीत लागते, आणि तिच्यात कृत्रिम धाग्याची भेसळ आहे का हे एक तंतू जाळून लगेच कळते. घोंगडीबद्दल याहून जास्त येथे लिहीत नाही. ती अजूनही नवी मिळते, तेव्हा ती विणणाऱ्याकडूनच घ्यावी, जुनी शोधत बसू नये.

गोधडीजवळ मात्र थांबावे लागेल, कारण मराठवाड्यात हाताने केलेले सर्वांत जास्त वस्त्र कोणते असेल तर ते हेच, आणि सर्वांत कमी भावात जाणारेही हेच. हाताचा धावदोरा आणि मशीनचा टाका यांतील फरक ओळखायला काहीच कष्ट नाहीत. हाताच्या टाक्यात दोरा वर दिसतो तेथे खाली नसतो आणि खाली दिसतो तेथे वर नसतो. मशीनची रेघ दोन्ही बाजूंना सलग असते. पण खरी गोधडी वाचायची ती कोपऱ्यात. शिवणारी बाई बहुधा कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन असे आत येत जाते, आणि कोपऱ्यावर वळताना तिचा टाका तिरका होतो, थोडा लांबतो. एकाच गोधडीत दोन हात असतील, तर एका कोपऱ्याचे वळण दुसऱ्यासारखे नसते. माझ्याकडे एक वाकळ आहे जिच्या तीन कोपऱ्यांचे टाके तांदळाएवढे आणि चौथ्याचे गव्हाएवढे आहेत. चौथ्याला कोणी लहान मुलगी बसवली होती की म्हाताऱ्या डोळ्यांची आजी, ते सांगता येत नाही.

याच संदर्भात माझा एक अपराध सांगते. या व्यवसायात येऊन दोन-तीन वर्षे झाली होती. जाफर गेटला एक झिजलेली वाकळ मिळाली, जिच्या वरच्या थराच्या भोकातून आत जरीचा नारळी काठ चमकत होता. मी घरी येऊन रात्रीतून ती उसवली. आतून जुन्या पैठणीच्या पदराचा हातभर तुकडा निघाला, राघू रंगाच्या जमिनीवरचा, आणि मी तो उचलताच घड्यांवर मोडून हातात तीन तुकडे आले. रेशीम आधीच मेलेले होते. इतकी वर्षे त्याला धरून ठेवले होते ते त्या टाक्यांनी. सकाळी माझ्यासमोर ना पैठणी होती ना वाकळ. तेव्हापासून माझा नियम आहे की, आत काहीही दिसले तरी गोधडी उसवायची नाही. भोकावर पारदर्शक जाळी टाकून ते तसेच दिसू द्यावे. गोधडीच ती वस्तू आहे, आतले कापड तिचा एक थर आहे.

बंजारा भरतकामाबाबत खरेदीपेक्षा खरेदीच्या रीतीचा प्रश्न मोठा आहे. फेटिया (घागरा), काचळी (चोळी), टुकरी (ओढणी), पिशव्या आणि डोक्यावर पाणी वाहताना वापरायच्या वस्तू यांवरचे काम जाड सुती कापडावर इतके दाट असते की, खालचे कापड दिसत नाही. जुन्या आरशांचे काचेचे तुकडे हाताने कापलेले, कडा वेड्यावाकड्या आणि पृष्ठभाग किंचित फुगीर असा असतो. नवे आरसे एकसारखे गोल आणि सपाट असतात. कवड्या आणि नाणी यांवरून मात्र वय ठरवू नये, कारण जुनी नाणी नव्या कपड्यावर लावण्याची पद्धत आहेच. नाण्यावरचे साल हे फार तर सांगते की कपडा त्यापूर्वीचा नाही, आणि नाणे नंतर बदललेले असेल तर तेवढेही सांगत नाही. तांड्यावर जाऊन म्हाताऱ्या याडीच्या (आईच्या) पेटीतून ‘जुने आहे, द्या शंभर-दोनशेला’ म्हणून काढून घेणारे लोक मी पाहिले आहेत. तो कपडा तिने लग्नाआधी वर्ष-दोन वर्षे भरलेला असतो. मी अशा घरातून विकत घेत नाही; बाजारात दुकानावर आलेले असेल तरच घेते, आणि कोणी घरी येऊन विकू लागलेच, तर शहरात त्याला काय भाव येतो ते आधी सांगते. याने माझे काही सौदे गेले आहेत.

धागा ओळखण्यासाठी जाळून पाहण्याची पद्धत अजूनही सर्वांत भरवशाची आहे, मात्र विकणाऱ्याची परवानगी घेऊन आणि फक्त दशीतला एक तंतू घेऊन. सूत कागदासारखा वास देत जळते आणि मऊ राख उरते. रेशमाला जळत्या केसाचा वास येतो आणि चुरणारी काळी गोळी राहते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. कृत्रिम रेशीम येथे फसवते, कारण व्हिस्कोसही सुतासारखेच जळते. चमक रेशमाची आणि वास कागदाचा आला, तर ते व्हिस्कोस समजावे. उभा आणि आडवा असे दोन्ही धागे वेगवेगळे तपासावेत, नाहीतर मशरू आणि हिमरू हातातून निसटतील. जरीसाठी एका तुटक्या टोकावर नखाने हलके खरवडावे. खाली तांबूस दिसले तर तांब्याची, पांढुरके दिसले आणि आतला दोरा रेशमी निघाला तर चांदीची. पन्नास वर्षांनंतरही लखलखणारी जर मला घाबरवते. चांदी काळवंडते, प्लास्टिकवरचा मुलामा काळवंडत नाही.

रंगांवरून वय सांगण्याच्या फंदात फारसे पडू नये. कृत्रिम मंजिष्ठ 1870 च्या सुमारास आणि कृत्रिम नीळ 1897 पासून बाजारात आली, आणि आपल्या रंगाऱ्यांनी ती आनंदाने स्वीकारली. ‘वनस्पतिजन्य रंग’ हे शब्द आज किंमत वाढवण्यासाठी जितके वापरले जातात, तितके जुन्या कापडांत खरे नसतात.

कोणते कापड घेऊ नये, हेही सांगितले पाहिजे. घडीवर तडकलेले रेशीम घेऊ नये. दोन बोटांत धरून अगदी हलके ताणल्यावर जर कागद फाटल्यासारखा बारीक आवाज आला, तर ते वाचत नाही. काळ्या रंगाचे धागे गळून पडले असतील आणि बाकीचे रंग शाबूत असतील, तर कापड खोटे समजू नये, कारण जुना काळा रंग लोखंडाच्या क्षारांपासून केलेला असे व तो धाग्याला आतून खातो. असे कापड अभ्यासासाठी चांगले आहे, वापरासाठी नाही. बुरशीचा वास आलेले कापड दुसऱ्या कापडांजवळ नेऊ नये. डाग, भोके, दंड, ठिगळे यांना मात्र मी दोष मानत नाही. उत्तम ठिगळ लावलेले कापड मी त्या ठिगळासाठी घेतलेले आहे.

भावाविषयी मी आकडे देणार नाही, कारण प्रत्येक बाजाराचा दिवस वेगळा असतो. एवढे लक्षात ठेवावे की, तुकड्याची किंमत पूर्ण वस्त्राच्या प्रमाणात मोजायची नसते. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातील नातेवाइकांना भेट पाठवायची असेल, तर हे आधी पाहावे.

डोळा तयार करण्यासाठी मात्र खरेदी हा मार्ग नाही. पैठणला जाऊन पैठणी केंद्रात माग चालताना अर्धा दिवस बसून पाहावे. एका तिल्लीची दुसरीशी गाठ कशी पडते हे एकदा दिसले की सेमी पैठणी आयुष्यात फसवणार नाही. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि हैदराबादचे सालारजंग संग्रहालय या दोन ठिकाणची वस्त्रे पाहावीत. काचेमागे उलटी बाजू दिसत नाही, ही तक्रार माझीही आहे.

घरी आणल्यावर कापड आधी वेगळे ठेवावे. झुरळे आणि कसर यांच्यासाठी मी कापड मांजरपाटात गुंडाळते, हवाबंद पिशवीत घालते आणि फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची, अन्यथा आत दव धरते. धूळ झटकून काढू नये, जाळीचे कापड वर धरून व्हॅक्यूमने हलकेच ओढून घ्यावी. पांढऱ्या ओल्या फडक्याने प्रत्येक रंगाचे एक टोक दाबून पाहावे. फडक्यावर रंग आला तर पाण्याचा विचारच सोडून द्यावा. सुती आणि पक्क्या रंगाचे असेल, तरच रिठ्याच्या पाण्यात, न पिळता धुवावे, आणि आडवे ठेवून सावलीत वाळवावे. जर असलेले कापड मी कधीच धूत नाही. जर उजळण्यासाठी चिंच, लिंबू, दंतमंजन असे जे उपाय सांगितले जातात, ते मुलामा खातात. काळवंडलेली जर तशीच राहू द्यावी. साठवताना प्लास्टिक नको, डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू नयेत. वेखंडाची पुरचुंडी बरी. घडीऐवजी गुंडाळी करावी, आणि घडीच करायची असेल, तर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ती मोडून दुसऱ्या जागी घालावी.

आता आपल्या कापडाकडे परत येते. ते धुऊ नका. मागचे लोंबते धागे कातरू नका, कारण तेच हिमरू असल्याचा सर्वांत मोठा पुरावा आहेत, आणि कातरल्यावर पुढची नक्षी सैल होऊन निघू लागेल. लाल पट्टी नसलेल्या कडेवर भिंग धरून भोकांचे पुंजके आहेत का ते पाहा, आणि असतील तर दोन पुंजक्यांमधले अंतर दोन-तीन जागी मोजा. जमिनीचा एक आडवा धागा आणि नक्षीचा एक धागा वेगवेगळे जाळून वास घ्या. जमिनीचा कागदासारखा आणि नक्षीचा केसासारखा आला, तर नक्षी रेशमाची आहे, दोन्ही कागदासारखे आले तर नक्षी कृत्रिम रेशमाची आहे, आणि तरीही कापड हातमागाचे असू शकते. मणी झाला, तर मात्र दिरांना चहा पाजा. लाल पट्टी उसवू नका. ज्या कडेला ती जोडली आहे ती कड बहुधा झिजलेली असणार, आणि पट्टी जोडणाऱ्या हाताने तिला जो टाका घातला आहे त्याचा एक फोटो, मागूनपुढून दोन्ही बाजूंनी, मला आधी पाठवा.